‘सायन्सच घे!’ दहावीनंतर घरातून येणारं प्रेशर नेमकं कुठून येतं?

दहावीचा निकाल लागतो. घरात पेढे येतात, आईच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर टक्के झळकतात, मामा-मावशीचे फोन सुरू होतात. अभिनंदनानंतर लगेच दुसरा प्रश्न येतो, ‘‘मग, आता सायन्स ना?’’

बऱ्याच घरांत हा प्रश्न नसतोच. निर्णय आधीच झालेला असतो. ८५ टक्के पडले तर सायन्स, कमी पडले तर कॉमर्स आणि ‘काहीच जमलं नाही’ तर आर्ट्स, अशी उतरंड अनेकांच्या डोक्यात पक्की बसलेली आहे. जिचं किंवा ज्याचं शिक्षण आहे, त्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला काय वाटतं, हे शेवटी विचारलं जातं. कधीकधी विचारलंच जात नाही.

हे प्रेशर येतं कुठून, त्यात पालकांचं किती खरं आहे, मुलांवर त्याचा काय परिणाम होतो आणि मधला मार्ग काय, हे समजून घेऊ.

सगळ्यांना सायन्सच का हवं असतं?

पालकांच्या म्हणण्यात तथ्य आहे, हे आधी मान्य करायला हवं. बारावी सायन्सनंतर बीए, बीकॉम, लॉ अशा वाटा मोकळ्या राहतात. पण बारावी आर्ट्स किंवा कॉमर्सनंतर मेडिकल आणि इंजिनीअरिंगला जाता येत नाही. ‘सायन्स घेतलं की सगळे दरवाजे उघडे राहतात’ हे वाक्य इथूनच आलं.

दुसरं कारण आर्थिक आहे. ज्या घरात शेती पावसावर चालते किंवा वडिलांची नोकरी कंत्राटी आहे, तिथे मुलाची डिग्री हाच घराचा विमा असतो. आई-वडिलांनी जे भोगलं ते मुलांना भोगायला लागू नये, ही त्यामागची भावना असते. त्यामुळे ‘डॉक्टर हो’ या वाक्यात हट्ट असतो, तशी भीतीही असते.

तिसरं कारण म्हणजे ‘लोक काय म्हणतील’. भावकीत कुणाची मुलगी एमबीबीएसला लागली, शेजारचा मुलगा आयआयटीत गेला, की तुलना सुरू होते. मुलाचे मार्क ही मग सगळ्या घराची इज्जत होऊन बसते.

लातूर, कोटा आणि क्लासचं गणित

महाराष्ट्रात या स्पर्धेचं मोठं नाव म्हणजे ‘लातूर पॅटर्न’. काटेकोर वेळापत्रक, सततच्या टेस्ट आणि भरपूर सराव या पद्धतीने लातूरच्या कॉलेजांनी बोर्डाच्या परीक्षेत नाव कमावलं. मराठवाड्यातल्या असंख्य मुलांना त्यातून खरोखर संधी मिळाली. आज राज्यभरातून मुलं नीट आणि जेईईच्या तयारीसाठी लातूरला येऊन राहतात. राजस्थानातल्या कोट्याचं चित्र याहून मोठं आहे.

पण जागा किती आहेत? २०२४ मध्ये नीट देणारे विद्यार्थी २३ लाखांहून अधिक होते आणि देशातल्या एमबीबीएसच्या जागा साधारण १ लाख १० हजार. म्हणजे एका जागेमागे २० हून जास्त विद्यार्थी. त्यातल्या जवळपास निम्म्या जागा खासगी कॉलेजांत आहेत आणि तिथली फी सामान्य घराला झेपणारी नसते. त्याच वर्षी देशातल्या २३ आयआयटींमध्ये मिळून १७,७४० जागा होत्या.

याचा अर्थ, सगळ्यांनी जीव तोडून अभ्यास केला तरी बहुतेकांना ती जागा मिळणार नाही. हे अपयश मुलांचं नाही, ते जागांचं गणित आहे. तरीही घरात निकाल ऐकताना हे गणित कुणी मांडत नाही. ‘तू कमी पडलास’ एवढंच मुलाच्या कानावर येतं आणि ड्रॉप घेऊन रिपीटर बॅचला नाव घातलं जातं.

मुलींवरचं प्रेशर वेगळं असतं

मुलीला चांगले मार्क पडले तरी दुसऱ्या शहरात पाठवायचं का, हा प्रश्न उरतोच. ‘घराजवळचं कॉलेज बघ’, ‘डीएड केलंस तर बरं’, ‘पुढे स्थळ बघायचंय’ ही वाक्यं अनेक मुलींच्या ओळखीची आहेत. काही ठिकाणी शिक्षणच थांबतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयोगटातल्या २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न १८ वर्षं पूर्ण होण्याआधी झालं होतं. मुलाला सांगितलं जातं ‘मोठा हो’, मुलीला सांगितलं जातं ‘मर्यादेत राहून मोठी हो’.

याच वयात हे इतकं का लागतं?

किशोरवय म्हणजे ‘मी कोण आहे’ हे शोधण्याचं वय. जेम्स मार्सिया या मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये यावर एक महत्त्वाची मांडणी केली. काही मुलं वेगवेगळे पर्याय पाहून, चुकून, विचार करून स्वतःची वाट ठरवतात. काही मुलं मात्र कोणताही पर्याय न तपासता घरच्यांनी दिलेली वाट आपली मानतात. या दुसऱ्या अवस्थेला मार्सियाने ‘फोरक्लोजर’ म्हटलं.

अशी मुलं बाहेरून अगदी शहाणी दिसतात. उलट बोलत नाहीत, सांगितलं ते करतात. अडचण पुढे येते. ती वाट मध्येच बंद झाली, तर दुसरी वाट शोधायची सवयच लागलेली नसते. एका परीक्षेचा निकाल म्हणजे सगळं संपलं असं वाटायला लागतं.

त्यात मित्रांचंही प्रेशर असतं. सगळा ग्रुप सायन्सला जाणार असेल तर एकट्याने आर्ट्सचा फॉर्म भरायला हिंमत लागते.

हा विषय गंभीर का आहे?

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार, २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. राज्यांमध्ये सर्वाधिक संख्या महाराष्ट्राची होती. प्रत्येक घटनेमागे एकच कारण नसतं. घरातली भांडणं, नैराश्य, आर्थिक ताण, नाती अशी अनेक कारणं एकत्र येतात. पण अपेक्षांचं ओझं त्यात वारंवार दिसतं.

नोव्हेंबर २०२३ मध्ये कोचिंग संस्थांवर नियंत्रण आणण्याची मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा न्यायालयाने पालकांच्या वाढलेल्या अपेक्षांकडे बोट दाखवलं होतं. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने कोचिंग क्लाससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. १६ वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये आणि रँकची खोटी हमी देऊ नये, असं त्यात म्हटलं आहे.

पुढे २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विशाखापट्टणममधल्या नीटच्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात देशभरासाठी १५ मार्गदर्शक तत्त्वं दिली. १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत समुपदेशक असावा, मार्कांवरून मुलांच्या वेगळ्या बॅच करू नयेत, मुलांना चारचौघांत अपमानित करू नये आणि पालकांसाठीही जागृतीचे कार्यक्रम घ्यावेत, असं त्यात आहे.

मुलांचं मत हा हक्क आहे का?

हो. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारातलं १२ वं कलम सांगतं की मुलाशी संबंधित निर्णयात त्याला मत मांडता आलं पाहिजे आणि वयानुसार त्या मताला वजन दिलं पाहिजे. भारताने हा करार १९९२ मध्ये स्वीकारला. याचा अर्थ मुलगा म्हणेल तेच करायचं, असा नाही. पण त्याला न विचारता ठरवायचं, असाही नाही.

महाराष्ट्रात असा प्रयत्न झालाही होता. २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या विद्यार्थ्यांची ‘कल चाचणी’ घेतली गेली. कृषी, ललित कला, वाणिज्य, आरोग्य, तांत्रिक, गणवेशधारी सेवा अशा सात क्षेत्रांपैकी मुलाचा ओढा कुठे आहे, हे त्यातून कळायचं. अशी चाचणी निर्णय देत नाही, पण घरात बोलायला एक निमित्त देते.

मग घरात बोलायचं कसं?

मुलांसाठी : ‘मला सायन्स नको’ एवढंच म्हटलं की भांडण होतं. त्याऐवजी ‘मला काय हवंय आणि त्यातून पुढे काय होतं’ हे कागदावर मांडा. कोर्स, कॉलेज, फी, प्रवेश परीक्षा, नोकरी सगळं लिहा. पाच वर्षांच्या लॉसाठी बारावी कोणत्याही शाखेतून चालते. यूपीएससी-एमपीएससीला कोणतीही पदवी चालते. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा केला तर थेट इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. पालकांना भीती असते ती अंधाराची, त्यामुळे वाट दिसली की आवाज खाली येतो. घरात ऐकणारं कुणी नसेल तर काका, आत्या, शाळेतले शिक्षक यांच्यापैकी एकाला सोबत घ्या.

पालकांसाठी : ‘आम्ही तुझ्यासाठी एवढं केलं’ हे वाक्य टाळा. मुलांना ते प्रेम नाही, कर्ज वाटतं. नीट-जेईईची तयारी सुरू करण्याआधीच ‘नाही झालं तर काय’ हे एकत्र बसून ठरवा. प्लॅन बी असणं म्हणजे मुलावर विश्वास नसणं नव्हे. तुलना करायचीच असेल तर मुलाच्या मागच्या टेस्टशी करा, शेजारच्या मुलाशी नको.

काही खुणा दिसल्या तर मात्र थांबू नका. झोप आणि जेवण बिघडणं, मित्रांपासून तुटणं, आवडीच्या गोष्टी सोडून देणं, ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असं बोलणं, यांना ‘नाटक’ म्हणू नका. शांतपणे जवळ बसा, थेट विचारा आणि डॉक्टर किंवा समुपदेशकाची मदत घ्या.

केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर २४ तास मोफत सुरू असते आणि तिथे मराठीतही बोलता येतं. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहे.

अकरावीचा फॉर्म भरायला अर्धा तास लागतो. त्याआधी मुलाला ‘तुला काय वाटतं?’ असं विचारून त्याचं उत्तर मध्ये न तोडता ऐकायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो.