केरॅटोकोनस : इन्फ्रारेड किरणांनी कॉर्नियात नेमकं काय दिसतं?

चष्म्याचा नंबर दर काही महिन्यांनी बदलतोय, सिलिंडरचा नंबर तर वाढतच चाललाय, रात्री समोरच्या गाडीचे दिवे फाकलेले दिसतात. कॉलेजच्या वयातील मुलामुलींची अशी तक्रार असेल तर ती केरॅटोकोनसची सुरुवात असू शकते. या आजारात डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो. नागपूर परिसरातील ग्रामीण भागात झालेल्या पाहणीत तिशीपुढील सुमारे २.३ टक्के लोकांत याची लक्षणे आढळली होती.

बिघाड कुठे होतो?

कॉर्निया मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. त्याचा सुमारे ९० टक्के भाग कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंच्या थरांचा असतो. कोलॅजनची तीन पेडांच्या वेणीसारखी रचना १९५०च्या दशकात मद्रास येथे जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी मांडली. तंतूंमधील अंतर सारखे राखण्याचे काम केराटन सल्फेटसारख्या शर्करा करतात. ही वीण सैल झाली की कॉर्निया डोळ्याच्या आतल्या दाबापुढे टिकत नाही.

किरण काय सांगतात?

रेणूंमधील बंध सतत थरथरत असतात. प्रत्येक बंध आपल्या थरथरीशी जुळणारेच इन्फ्रारेड किरण शोषतो. कोणते किरण किती शोषले गेले, याचा आलेख म्हणजे त्या ऊतीची जणू सही. प्रथिनांची ठळक खूण १६५० आणि १५५० प्रति सेंटिमीटरच्या आसपास, तर शर्करा व सल्फेटच्या खुणा साधारण १००० ते १२५०च्या पट्ट्यात येतात. खुणेची जागा सरकली तर प्रथिनाची घडी बदलली, उंची कमी झाली तर तो घटक घटला, असा अंदाज बांधता येतो. यासाठी वेगळा रंग वा रसायन घालावे लागत नाही.

नेत्ररोपणात काढलेला आजारी कॉर्निया आणि दान मिळालेला निरोगी कॉर्निया यांचे पातळ काप शेजारी ठेवून तुलना करता येते. नेत्रदानातून आलेला पण रोपणाला न चालणारा कॉर्नियाही म्हणूनच वाया जात नाही.

मग दवाखान्यात ही तपासणी का नाही?

अडचण पाण्याची आहे. कॉर्नियात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी असते आणि पाण्याची खूण १६४०च्या जवळ, नेमकी प्रथिनाच्या खुणेवर येते. म्हणून काप सुकवावा लागतो. जिवंत डोळ्यावर हे जमत नाही. त्यामुळे आज तरी हे संशोधनाचेच साधन आहे.

रुग्णाने काय करावे?

निदान कॉर्नियाचा नकाशा काढणाऱ्या टोपोग्राफीने होते. आजार वाढत असेल तर क्रॉसलिंकिंग करतात : रायबोफ्लेविनचे, म्हणजे ब-२ जीवनसत्त्वाचे, थेंब घालून अतिनील प्रकाश देतात व तंतूंमध्ये नवे बंध तयार होतात. जर्मनीतील ड्रेस्डेन येथे विकसित झालेल्या या पद्धतीला अमेरिकेत २०१६ मध्ये मान्यता मिळाली. पण ती आजाराची वाढ थांबवते, गेलेला आकार पूर्ण परत आणत नाही. म्हणून वेळ महत्त्वाची. डोळे चोळण्याची सवय आधी सोडावी, खाज येत असेल तर तिचा उपचार करावा आणि नंबर झपाट्याने बदलत असेल तर नुसता चष्मा न बदलता टोपोग्राफी करून घ्यावी.