व्हेस्पा आणि लॅम्ब्रेटा : युद्धाच्या कारखान्यातून आलेल्या स्कूटर

एखादी वस्तू अशीच का दिसते, याचे उत्तर आपण बहुधा तिच्या रचनाकारात शोधतो. या पाठात दोन इटालियन स्कूटरांची तुलना करून हे उत्तर कितपत पुरेसे आहे ते पाहू.

पार्श्वभूमी

पियाजिओ कंपनीच्या पोन्तेदेरा येथील कारखान्यात युद्धकाळात विमाने बनत. बॉम्बहल्ल्यांत तो उद्ध्वस्त झाला. युद्ध संपल्यावर बॉम्बर विमानांना गिऱ्हाईक उरले नाही. १९४७ च्या शांतता तहाने तर इटलीला ती बाळगण्यासही मनाई केली. कामगारांना काम हवे होते. मोटार सामान्य माणसाला परवडणारी नव्हती आणि रस्ते खराब होते. अशा वेळी एन्रिको पियाजिओ यांनी स्वस्त दुचाकीचा निर्णय घेतला.

व्हेस्पाची रचना

पहिला नमुना त्यांना पसंत पडला नाही. त्याच्या मधल्या उंचवट्यामुळे मोटारसायकलप्रमाणेच टांग टाकून बसावे लागे. नवी रचना कोरादिनो दास्कानियो यांच्याकडे सोपवली गेली. ते हेलिकॉप्टरवर काम केलेले विमान अभियंता होते आणि मोटारसायकल त्यांना मुळीच आवडत नसे. तिच्यातील एकेक गैरसोय त्यांनी दूर केली. इंजिन मागच्या चाकालगत नेले, त्यामुळे साखळी गेली आणि कपड्यांना तेल लागणे थांबले. गिअर हँडलवर आणला. पुढचे चाक विमानाच्या चाकाप्रमाणे एकाच बाजूने धरले, म्हणून पंक्चर झाल्यास चाक बदलणे सोपे झाले. वेगळा सांगाडा ठेवलाच नाही. दाबून आकार दिलेला पोलादी पत्रा हाच भार पेलू लागला.

एप्रिल १९४६ मध्ये पेटंटचा अर्ज झाला. ९८ सीसीच्या या गाडीचा मागचा भाग फुगीर, मधला बारीक. म्हणून नाव पडले व्हेस्पा, म्हणजे गांधीलमाशी. पहिल्या वर्षी सुमारे २,५०० गाड्या बनल्या. १९५६ पर्यंत एकूण उत्पादन दहा लाखांवर गेले.

लॅम्ब्रेटाचे उदाहरण

आता कोणी म्हणेल, ‘विमान अभियंता लाभला म्हणून अशी स्कूटर झाली.’ पण मिलानच्या लाम्ब्राते भागात इनोचेंती कंपनीने १९४७ मध्ये बाजारात आणलेल्या लॅम्ब्रेटाकडे पाहा. तिच्यावर काम करणारे चेझारे पालाविचिनो आणि पिएर लुइजी तोर्रे हेही विमान अभियंतेच होते. तरीही तिचा सांगाडा नळ्यांचा होता आणि सुरुवातीच्या गाड्यांत इंजिन उघडेच दिसे. याचे एक मोठे कारण कारखान्यात सापडते. फेर्दिनांदो इनोचेंती यांचा मूळ व्यवसाय पोलादी नळ्यांचा होता. विमानाच्या कारखान्याला पत्र्याचे काम अवगत होते, तर नळीवाल्यांना नळीचे. हाती असलेले कसब दोन्ही गाड्यांच्या अंगावर उमटले.

भारतातील धागा

हे दोन्ही वाण आपल्याकडेही आले. १९६० च्या दशकात बजाजने पियाजिओच्या परवान्याने पुण्याजवळ आकुर्डीला स्कूटर बनवल्या. १९७१ मध्ये परवाना संपल्यावरही बजाजच्या चेतकने तीच घडण पुढे चालवली. लॅम्ब्रेटाची यंत्रसामग्री लखनौच्या स्कूटर्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीने घेतली आणि तिथे ‘विजय सुपर’ तयार झाली. यंत्रसामग्री दुसऱ्या देशात गेली, की वस्तूचा आकारही तिच्यासोबत जातो, हे येथे दिसते.

लक्षात घ्या

रचनाकाराचे श्रेय येथे नाकारायचे नाही. हँडलवरचा गिअर कारखान्याने सुचवला नव्हता. तो स्वाराच्या अडचणीतून आला. परंतु कल्पना कोणत्या रूपात साकार होईल, हे उपलब्ध यंत्रे, साहित्य आणि कामगारांचे कसब यांवरही ठरते. तंत्रज्ञानाचा इतिहास वाचताना ‘कोणी बनवले?’ यासोबत ‘कुठे आणि कशाने बनवले?’ हेही विचारा. तुमच्या परिसरातील एखादी जुनी वस्तू निवडा आणि हाच प्रश्न तिला लावून पाहा.