विजेचें वाद्य मैफलींत येतें तेव्हां

गाणें ऐकणें आणि गाणें होतांना पाहणें, या दोन गोष्टी एक नव्हेत. घरीं तबकडी असूनहि माणसें तिकीट काढून मैफलीला जातात, तें यामुळेंच. तबकडींतला सूर पुन्हा चुकत नाहीं. मैफलींतला गवई मात्र प्रत्येक वेळीं चुकण्याचा धोका आपल्या डोळ्यांदेखत पत्करीत असतो. विजेच्या बळावर स्वर निर्माण करणारें सिंथेसायझर हें वाद्य रंगमंचावर कसें आलें, याचा इतिहास म्हणजे या धोक्याचाच इतिहास होय. तो आज आपणांपुढें थोडक्यांत मांडावयाचा आहे.

आरंभ मोठा आशादायक होता. रशियन शास्त्रज्ञ लेव्ह थेरेमिन यानें १९२० च्या सुमारास असें एक विजेचें वाद्य सिद्ध केलें, कीं ज्याला वादक स्पर्शहि करीत नाहीं. उभ्या दांडीजवळ हात नेला कीं स्वर चढतो. दुसरा हात आडव्या कडीजवळ नेला कीं आवाज मंदावतो. बोट केसभर हाललें तरी स्वर ढळतो. क्लारा रॉकमोर ही मूळची व्हायोलिनवादक. तिनें १९३४ सालीं न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्यें या वाद्याची मैफल केली. स्वर विजेचा होता, पण साधना सर्वस्वीं हाताची होती.

पुढें मात्र हें शास्त्र मैफलींतून प्रयोगशाळेंत गेलें. १९५७ सालीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत बसविलेला आर. सी. ए. कंपनीचा ‘मार्क टू’ सिंथेसायझर म्हणजे खोली व्यापून टाकणारें यंत्र. कागदाच्या पट्टीवर भोंकें पाडून त्याला स्वरांची आज्ञा द्यावयाची. असलें यंत्र रंगमंचावर कोण नेणार?

रॉबर्ट मूग यानें १९६४ सालीं, हर्बर्ट डॉइच या संगीतकाराच्या सहकार्यानें, निराळी वाट काढली. विजेचा दाब वाढला कीं स्वर चढतो, घटला कीं उतरतो, हें त्याच्या योजनेंतील मूलतत्त्व. एक पेटी स्वर उत्पन्न करणारी, दुसरी त्याचा नाद गाळून घेणारी, तिसरी त्याला चढउतार देणारी. आणि या साऱ्या पेट्या तारांनीं एकमेकींस जोडलेल्या. तारांची जोडणी बदलली कीं वाद्याचा रंगच बदले. १९६८ सालीं वेंडी कार्लोस यांनीं या यंत्रावर वाजविलेल्या बाखच्या रचनांची तबकडी निघाली आणि तिचा मोठा बोलबाला झाला. पण या यंत्रावर एका वेळीं एकच स्वर वाजे. तेव्हां ती तबकडी एकेक ओळ निरनिराळी वाजवून, फितीवर थरावर थर चढवून तयार केलेली होती.

मग हें संगीत लोकांसमोर प्रत्यक्ष वाजवितां येईल काय? २८ ऑगस्ट १९६९ रोजीं न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाच्या बागेंत मूगचीं चार यंत्रें मांडून हा प्रयोग झाला. लोक दाटीनें जमले. परंतु अखेरीस विजेचा पुरवठाच तुटला आणि संगीत थबकलें. सतारीची एक तार तुटली तर वादक वेळ निभावून नेतो. येथें वीज गेली कीं सारेंच मुकें! तरी लोकांची हौस ओसरली नाहीं. पुढच्याच वर्षीं, २९ ऑगस्ट १९७० रोजीं, कीथ एमर्सन या इंग्रज वादकानें मूगचें अवजड यंत्र आइल ऑफ वाइट येथील महोत्सवांत अफाट जनसमुदायासमोर आणलें.

या वाद्यांना स्मरणशक्ति नव्हती. एका गीतासाठीं जमविलेला नाद दुसऱ्या गीतासाठीं मोडावा लागे, आणि पुन्हा हवा असल्यास पुन्हा जमवावा लागे. शिवाय रंगमंचावरील दिव्यांच्या उष्णतेनें स्वर ढळत. तंबोरा जसा मध्येंच जुळवून घ्यावा लागतो, तसेंच हें. १९७० सालीं निघालेल्या मिनिमूगनें जोडणीच्या तारा पेटीच्या आंत घेतल्या, आणि पट्ट्यांच्या डावीकडे एक चाक बसविलें. तें फिरवितांच स्वर वाकतो. आपणांस परिचित असलेल्या मींडेची थोडीबहुत आठवण त्यांत येते. पण नाद जमविणें हें काम हाताकडेच राहिलें.

१९७८ सालीं डेव्ह स्मिथ यांच्या प्रॉफेट-फाइव्हनें तेंहि हलकें केलें. त्यावर एका वेळीं पांच स्वर वाजत, आणि जमविलेले ४० नाद तो लक्षांत ठेवी. एक कळ दाबली कीं हवा तो नाद हजर. १९८३ सालीं ‘मिडी’ ही सामायिक भाषा ठरली आणि निरनिराळ्या कारखान्यांचीं वाद्यें एकमेकांस आज्ञा देऊं लागलीं. वादकाची धांदल संपली. पण त्याबरोबर श्रोत्याच्या मनांत एक संशय शिरला. समोरचा मनुष्य वाजवितो आहे, कीं नुसतें यंत्र सुरू करून उभा आहे? फ्रान्सचे झां-मिशेल जार यांनीं १९८१ च्या आपल्या चीनमधील मैफलींत प्रकाशकिरणांची वीणा मांडली. किरण हातानें अडविला कीं सिंथेसायझरचा स्वर उमटे. यंत्रामागें लपलेला हात त्यांनीं पुन्हा लोकांना दाखविला, असेंच म्हणावें लागेल.

आपल्या मुंबईचाहि या इतिहासाशीं संबंध आहे. चित्रपटसंगीताच्या ताफ्यांत वाजविणारे चरणजित सिंग यांनीं १९८२ सालीं जपानी रोलंड कंपनीच्या यंत्रांवर दहा राग वाजवून त्यांची तबकडी काढली. तेव्हां तिच्याकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. २०१० सालीं ती परदेशांत पुन्हा प्रसिद्ध झाली, आणि सत्तरी ओलांडलेल्या या वादकाला युरोपांतील रंगमंचांवर सन्मानानें बोलावणें आलें. तबकडी हातीं असतांना त्यांना बोलाविण्याचें कारण काय? लोकांना ते राग त्यांच्या हातून होतांना पाहावयाचे होते.

आज एका लहानशा संगणकांत हीं सारीं वाद्यें मावतात. तरीहि २०१६ सालीं मिनिमूग आणि २०२० सालीं प्रॉफेट-फाइव्ह पुन्हा घडविण्यांत आले. आणि कित्येक तरुण वादक तारांनीं जोडलेल्या, कांहींहि लक्षांत न ठेवणाऱ्या पेट्या घेऊन हौसेनें रंगमंचावर येतात. ही केवळ जुन्याची आवड नव्हे. जें यंत्र सर्व कांहीं स्वतः सांभाळतें, त्याच्यापुढें मैफल उभी राहत नाहीं, हें त्यांना उमगलें आहे. म्हणून अशा मैफलीला कधीं जाण्याचा योग आला, तर दिव्यांच्या झगमगाटानें दिपून न जातां वादकाच्या हातांकडे पाहावें. पुढचा स्वर अजून त्या हातांच्या स्वाधीन असेल, तर वाद्य लांकडाचें आहे कीं विजेचें, याला फारसें महत्त्व उरत नाहीं.