केसपेपर ते संगणक : आरोग्य माहिती क्षेत्रातील करिअर

केसपेपर, तपासण्यांचे अहवाल आणि डिस्चार्ज कार्ड यांचा गठ्ठा बहुतेक घरांत एखाद्या प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला असतो. ही पिशवी हरवली की रुग्णाचा वैद्यकीय पूर्वेतिहासही हरवतो. पेनिसिलीनची अ‍ॅलर्जी असलेला रुग्ण बेशुद्धावस्थेत दाखल झाला आणि ती नोंद वेळेवर सापडली नाही, तर प्रसंग जिवावर बेतू शकतो. म्हणूनच आरोग्यविषयक नोंदी नीट ठेवणे हे केवळ कारकुनी काम नसून उपचारांचाच एक भाग आहे.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार आंतररुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जतन करणे आणि रुग्णाने मागणी केल्यास त्या ७२ तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक करण्यात आले. संगणकीय नोंदींसाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१३ मध्ये मानके जाहीर केली व २०१६ मध्ये त्यांत सुधारणा केली. सप्टेंबर २०२१ मध्ये 'आयुष्मान भारत डिजिटल मिशन' देशभर सुरू झाले. त्यात नागरिकाला १४ अंकी 'आभा' क्रमांक मिळतो. नोंदी एकाच मध्यवर्ती कोठारात न साठवता त्या त्या रुग्णालयाकडेच राहतात आणि रुग्णाच्या संमतीने दुसऱ्या डॉक्टरांना पाहता येतात.

कामाचे स्वरूप

एकाच आजाराला डॉक्टर वेगवेगळी नावे देतात. संगणकाला मात्र एकच अर्थ कळावा लागतो. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचे 'आयसीडी' हे रोगवर्गीकरण वापरतात. त्याच्या दहाव्या आवृत्तीत दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाला 'ई११', तर प्राथमिक उच्च रक्तदाबाला 'आय१०' हा संकेतांक आहे. अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. वैद्यकीय संज्ञांसाठी 'स्नोमेड सीटी' ही परिभाषा असून, भारतातील तिचे कामकाज पुण्याच्या 'सी-डॅक'मधील राष्ट्रीय संसाधन केंद्राकडे सोपवण्यात आले.

केसपेपर वाचून अचूक संकेतांक देणारा मेडिकल कोडर, नोंदींचा सांभाळ करणारा मेडिकल रेकॉर्ड ऑफिसर, माहितीतून साथीचा किंवा खर्चाचा कल शोधणारा विश्लेषक आणि रुग्णालयाची संगणक प्रणाली घडवणारा हेल्थ इन्फर्मेटिक्स तज्ज्ञ, अशा या क्षेत्रातील प्रमुख वाटा आहेत. चुकीचा संकेतांक पडल्यास विम्याचा दावा अडकू शकतो आणि आरोग्य खात्याची आकडेवारीही फसवी ठरते. अमेरिकेतील रुग्णालयांच्या कोडिंगचे कामही भारतात मोठ्या प्रमाणावर होते. त्यासाठी तिथल्या व्यावसायिक संस्थांच्या प्रमाणपत्र परीक्षा उपयोगी पडतात.

शिक्षण आणि गुण

संबद्ध आरोग्य व्यावसायिकांसाठी २०२१ मध्ये झालेल्या केंद्रीय कायद्याने आरोग्य माहिती व्यवस्थापनाला स्वतंत्र व्यवसायगट म्हणून स्थान दिले. पुदुच्चेरीची 'जिपमर', वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि मणिपाल येथे या विषयाच्या प्रशिक्षणाची परंपरा आहे. कोडिंगसाठी शरीररचनाशास्त्र आणि वैद्यकीय परिभाषेचे ज्ञान आवश्यक असल्याने बारावीला जीवशास्त्र असल्यास लाभ होतो. संगणकशाखेच्या पदवीधरांना प्रणालीविकासाचा मार्ग खुला आहे. काही आठवड्यांत नोकरीची हमी देणाऱ्या खासगी वर्गांत पैसे भरण्यापूर्वी अभ्यासक्रमाची मान्यता मात्र अवश्य तपासावी.

केवळ वेगाने टंकलेखन करता येणे पुरेसे नाही. चिकाटी, अचूकता आणि गुप्तता हे या व्यवसायाचे तीन आधारस्तंभ होत. एखाद्याचा क्षयरोग, एचआयव्ही किंवा मनोविकार यांची नोंद बाहेर फुटली, तर त्याची नोकरी, लग्न आणि प्रतिष्ठा पणाला लागते. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये संसदेने कायदा संमत केला. तथापि, कायद्याचे पालन शेवटी संगणकासमोर बसलेल्या व्यक्तीच्या सचोटीवरच अवलंबून असते. पडद्यावरील प्रत्येक ओळीमागे एक माणूस आहे, याचे भान ज्याला राहील, त्यानेच या क्षेत्राची वाट धरावी.