पुंगळीच्या मानेवरचा डाग : लष्करी पितळ आणि बाजारातलं पितळ

१८५७ च्या कागदी काडतुसाबद्दल आपण सगळ्यांनी शाळेपासून ऐकलेलं आहे. आज त्याच्या पुढची पायरी पाहू, म्हणजे पितळी काडतूस. त्यातही गोळी सुटल्यावर मागे उरणारी जी रिकामी पुंगळी, तिचा इतिहास.

अमेरिकेत अनेक नेमबाज ही पुंगळी टाकून देत नाहीत. नवा प्रायमर, म्हणजे ठिणगी देणारी बुडाची टोपी, नवी दारू आणि नवी गोळी बसवून ती पुन्हा वापरतात. त्यांच्यापुढे एक जुना प्रश्न असतो. लष्कराची पुंगळी घ्यावी, की शिकारी आणि खेळाडूंसाठी बाजारात विकली जाते ती? प्रश्न कारागिरीचा वाटतो. पण माझ्या मते ती वस्तू मुळात कोणत्या प्रयोजनासाठी घडवली, हे विचारल्याशिवाय त्याचं उत्तर मिळत नाही.

१८६६ च्या सुमारास वूलिच इथल्या कर्नल बॉक्सर यांनी स्नायडर रायफलीसाठी पातळ पितळी पत्रा गुंडाळून काडतूस केलं. त्याच धर्तीचं काडतूस पुढे मार्टिनी-हेन्रीला आलं. जानेवारी १८८५ मध्ये सुदानात अबू क्लीच्या लढाईत ऐन वेळी बंदुका अडकल्या. अशा अनुभवांनंतर गुंडाळलेला पत्रा गेला आणि एकसंध, ओढून काढलेली पुंगळी रूढ झाली. तिचं पितळ म्हणजे ७० भाग तांबं, ३० भाग जस्त. लष्करी असो वा बाजारी, मिश्रण साधारण हेच.

मग फरक कुठे पडतो? पहिला फरक टोपीच्या बैठकीत. बॉक्सरच्या पद्धतीत टोपी ज्यावर आपटते ती ऐरण टोपीतच असते आणि पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच भोक असतं. आतून सळई घातली की जुनी टोपी बाहेर. अमेरिकी बर्डन यांच्या पद्धतीत ऐरण पुंगळीच्याच बुडात असते आणि भोकं बाजूला, बहुधा दोन. तिथे सळई चालत नाही. गंमत पाहा, इंग्रज बॉक्सरची पद्धत अमेरिकेत रुजली आणि अमेरिकी बर्डनची युरोपातल्या लष्करांत! ब्रिटिश लष्कराचं .३०३ काडतूसही प्रामुख्याने बर्डन पद्धतीचं. म्हणून ही पुन्हा भरण्याची कला अमेरिकेतच फोफावली, यात नवल नाही.

लष्कराला काटकसर नको होती, असं मात्र समजू नका. १८८० च्या दशकात अमेरिकी छावण्यांमध्ये सरावासाठी पुंगळ्या पुन्हा भरल्या जात. पुढे बिनधुराची दारू आली. तेव्हाच्या टोपीत पारा असे आणि तो पितळात शिरून त्याला ठिसूळ करी. काळ्या दारूची भरपूर राख हा परिणाम सौम्य करायची, ती राखच आता उरली नाही. शिवाय लढाईचं स्वरूप बदललं. मशिनगनच्या हादऱ्यात टोपी निसटू नये म्हणून लष्कर तिच्याभोवतीची कड दाबून टाकतं. पुन्हा भरणाऱ्याला ही कड आधी काढावी लागते, नाहीतर नवी टोपी नीट बसत नाही. आणि मशिनगनमधून आलेली पुंगळी अनेकदा इतकी ताणलेली असते, की पुढच्या एखाद्या बाराला तिचं बूडच वेगळं व्हावं.

आता मानेवरचा डाग. लष्करी पुंगळीच्या मानेजवळ निळसर-तपकिरी झाक दिसते. नवखा माणूस तिला खराब माल समजतो. पुण्याच्या तांबट आळीत भांडं ठोकताना पाहिलं असेल, तर ठोकून ठोकून धातू कडक होतो आणि कारागीर तो पुन्हा तापवून मऊ करतो, हे तुम्हाला ठाऊक असेल. हा डाग त्याच तापवण्याचा.

त्याचं महत्त्व कळलं ते हिंदुस्थानात. ब्रिटिश फौजेची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांत साठवलेली असताना आपोआप तडकत. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी कारण मांडलं. घडवताना पितळात राहिलेला ताण आणि जनावरांच्या मुतातला अमोनिया, या दोघांची ती करामत होती. उपाय म्हणजे तापवून ताण घालवणं. अमेरिकी लष्कर हा डाग तसाच ठेवतं, म्हणजे तपासणाऱ्याला काम झाल्याचं दिसतं. बाजारातला उत्पादक पुंगळी तापवतो आणि मग घासून चकचकीत करतो, कारण गिऱ्हाइकाला चकाकी हवी असते. काम तेच. एकाला पुरावा हवा, दुसऱ्याला रूप.

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा, कारण इथे चूक झाली तर डोळा जाऊ शकतो. ७.६२ मिलिमीटरची लष्करी पुंगळी आणि तिची बाजारातली बहीण .३०८ विंचेस्टर बाहेरून जवळपास सारख्याच. पण लष्करी पुंगळी सहसा आतून जाड असते. दारू तेवढीच, जागा कमी, म्हणजे दाब जास्त. म्हणून एकीचं माप दुसरीत आंधळेपणाने घालायचं नसतं.

यावरून लोक नियम करतात, ‘लष्करी म्हणजे जाड’. आपले नैयायिक इथे लगेच विचारतील, ही व्याप्ती खरी का? धूर तिथे अग्नी, तसं लष्करी तिथे जाड? नाही. अमेरिकेच्या लेक सिटी कारखान्याची ५.५६ ची पुंगळी आणि बाजारातली .२२३ यांच्या आतल्या जागेत फारसा फरक नसतो. व्यभिचार सापडला की नियम गेला. मग जाणकार काय करतो? पुंगळी रिकामी तोलतो, पाण्याने काठोकाठ भरून पुन्हा तोलतो. फरक म्हणजे आतली जागा. अनुमान सोडून प्रत्यक्षाकडे येणं म्हणतात ते हेच.

तेव्हा निवड करायची तर आधी बुडावरचा शिक्का वाचावा. लष्करी पुंगळीवर कारखान्याची खूण आणि बहुधा सालही असतं. १८६९ पासूनच्या आपल्या खडकीच्या कारखान्याची खूण ‘केएफ’, किर्की फॅक्टरी. मग टोपीची पद्धत पाहावी, पुंगळी कोणत्या बंदुकीतून आली ते विचारावं, आणि एकाच कारखान्याच्या पुंगळ्या एकत्र ठेवाव्यात. लष्करी पितळ स्वस्त आणि दणकट, पण त्यावर मेहनत जास्त. बाजारातलं महाग, पण त्याचा गिऱ्हाईक ते पुन्हा भरणार, हे बनवणाऱ्याला बहुधा ठाऊक असतं. ‘चांगलं कोणतं’ हा प्रश्न मला म्हणूनच अपुरा वाटतो. ‘कशासाठी चांगलं’ असं विचारलं, की वाद बराचसा मिटतो.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.