गाईड कुठाय?

बाबासाहेबांच्या पदव्या आपल्या पोराटोरांना पाठ आहेत. त्या पदव्यांमागचे सेलिग्मन मात्र कुणाला आठवत नाहीत. १९१३ साली बाबासाहेब बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथं हे अर्थशास्त्राचे प्राध्यापक भेटले. पुढं १९२५ साली बाबासाहेबांचा प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा ग्रंथ निघाला, त्याला प्रस्तावना सेलिग्मन यांचीच. शिष्यवृत्तीनं बोटीचं भाडं भागतं. संशोधन शिकायला शेजारी बसवून घेणारा माणूस लागतो.

त्याच अमेरिकेतली दुसरी गोष्ट. रोनाल्ड मॅकनेअर, जन्म १९५०, गाव लेक सिटी, साऊथ कॅरोलायना. नऊ वर्षांचं हे काळं पोर गावच्या लायब्ररीत पुस्तकं मागायला गेलं. बाईनं नकार दिला, पोलीस बोलावले. पोर जागचं हललं नाही. पुस्तकं घेऊनच घरी आलं. काळ्यांच्या कॉलेजातून १९७१ ला पदवी घेतली, १९७६ ला एमआयटीतून भौतिकशास्त्राची पीएच.डी. पुढं तो अंतराळवीर झाला. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर यान फुटलं, त्यात गेला.

त्याच्या नावानं तिथल्या सरकारनं योजना काढली. १९८९ पासून कॉलेजांना पैसा मिळू लागला. गरीब घरातली, आईबापानं पदवी न पाहिलेली पोरं, तशीच काळी, लॅटिनो, तिथली आदिवासी पोरं बी.ए., बी.एस्सी. करतानाच हेरायची. एकेका प्राध्यापकाच्या हाताखाली द्यायची. उन्हाळ्यात पोटासाठी दुसरीकडं राबायला लागू नये म्हणून संशोधनाचेच पैसे द्यायचे. प्रश्न कसा धरायचा, माहिती कशी जमवायची, चारचौघांत कसं मांडायचं, पीएच.डी.चा अर्ज कसा लिहायचा, सगळं आधीच शिकवायचं.

ह्या ‘आधीच’मध्येच सगळं आहे. आपल्याकडं २००५ साली दलित-आदिवासी संशोधकांसाठी राष्ट्रीय फेलोशिप सुरू झाली. चांगलं झालं. पण ती दाराच्या आत गेलेल्याला. दारापर्यंत कोण नेणार? ज्याच्या घरात प्रोफेसर काका आहे त्याला हे जेवताजेवता कळतं. मी एम.ए. होऊन दोन वर्षं गाईड शोधत हिंडलो. एक साहेब विषयाआधी आडनाव विचारायचे. ऐकलं की म्हणायचे, जागा भरल्या.

सरकारशी भांडून पैसा घेऊच. पण आपल्यातले जे प्राध्यापक झाले त्यांना माझा सरळ सवाल आहे: सर, मॅडम, यंदाच्या सुट्टीत तुमच्या शेजारी वस्तीतलं कुठलं पोर बसणार आहे?