पिंपातले औषध आणि पेशीतला दोर

शिरोळच्या काळ्या रानात दिवाळीच्या आगेमागे पूर्वहंगामी उसाची लागण सुरू होते. आमच्या बांधावर तेव्हा एक पिंप असे. १०० लिटर पाणी, त्यात १०० ग्रॅम कार्बेन्डाझिम. टिपऱ्या १०-१५ मिनिटे त्यात बुडवायच्या आणि मग सरीत दाबायच्या. काणी येऊ नये, बेणे कुजू नये, एवढाच हिशेब. वडील त्या पांढरट पाण्यात उघड्या हाताने टिपऱ्या खालीवर करीत. हातमोजे ही वस्तू आमच्या शिवाराला ठाऊक नव्हती. औषध बुरशीला नेमके काय करते, हे मी पुष्कळ उशिरा शोधले.

पेशी दुभंगताना गुणसूत्रांच्या दोन प्रती दोन बाजूंना ओढल्या जातात. ओढणारे दोर म्हणजे सूक्ष्मनलिका. ट्युब्युलिन या प्रथिनाचे कण एकावर एक रचून त्या बनतात. कार्बेन्डाझिम बुरशीच्या बीटा-ट्युब्युलिनला चिकटते आणि रचना अडते. उसाच्या ट्युब्युलिनवर त्याची पकड तशी बसत नाही, म्हणून डोळा फुटतो. शाळेत मुलांना जंतांसाठी देतात ती अल्बेंडाझोलची गोळीही याच कुळातली.

या कुळातले बेनोमिल १९६०च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आले आणि थोड्याच वर्षांत त्याला दाद न देणाऱ्या बुरशा दिसू लागल्या. शेतकऱ्याला हे संकट. अमेरिकेत रॉन मॉरिस यांनी मात्र ॲस्परजिलस निड्युलन्स या बुरशीचे असे हट्टी वाण मुद्दाम जपले. त्यांच्यातल्या बदललेल्या एका जनुकाचे नाव बेनोमिलवरूनच ‘बेन-ए’ पडले. ते बीटा-ट्युब्युलिनचे जनुक आहे, हे त्यांच्या प्रयोगशाळेने १९७८ मध्ये दाखवले.

तोवर एक प्रश्न लोंबकळतच होता. रिचर्ड वायझेनबर्ग यांनी १९७२ मध्ये मेंदूतल्या ट्युब्युलिनपासून परीक्षानळीत नलिका जुळवल्या होत्या. पण पेशीत त्या वाटेल तिथे उगवत नाहीत, ठरावीक जागांवरून निघतात. मग सुरुवात कोण करते? साखर कारखान्यातल्या पॅनमनला हा प्रश्न समजावून सांगावा लागणार नाही. पाक कितीही घट्ट झाला तरी साखरेचे बारीक बी सोडल्याखेरीज दाणा एकसारखा धरत नाही. पेशीतले ते बी कोणते?

मॉरिस यांच्याकडे काम केलेल्या बर्ल ओकली यांनी बेन-एचाच एक वाण हाती घेतला. उष्णतेत त्याची वाढ खुंटे. दुसऱ्या कोणत्या जनुकातल्या बदलाने तो पुन्हा वाढू लागतो, हे त्यांनी हुडकले. तर्क साधा होता: ट्युब्युलिनमधली खोट जो भरून काढतो, त्याचा ट्युब्युलिनशी काही व्यवहार असणारच. एलिझाबेथ आणि बर्ल ओकली यांनी १९८९ मध्ये अशा एका जनुकाची ओळख पटवली. अल्फा आणि बीटा माहीत होते. हे तिसरे, गॅमा-ट्युब्युलिन. वर्षभरात ते दोर जिथून निघतात त्या ध्रुवांवरच सापडले. १९९५ मध्ये यिशिअन झेंग आणि सहकाऱ्यांनी बेडकाच्या अंड्यांतून गॅमा-ट्युब्युलिनचे वलय वेगळे काढले आणि त्याच्यावरून नलिकेची उभारणी सुरू होते, हे दाखवले. नलिकेच्या जाडीएवढेच, मिलिमीटरच्या ४० हजाराव्या भागाचे ते कडे.

गॅमा-ट्युब्युलिन माणसात आहे, उसातही आहे. माझ्या मते याचे निम्मे श्रेय न मरणाऱ्या त्या बुरशीला द्यायला हवे.

बेनोमिलचे उत्पादन मूळ कंपनीने २००१ मध्ये थांबवायचे ठरवले. आमचे पिंप यंदाही भरले. पुतण्या हातमोजे घालतो.